चेंडू मानेला लागतो तेव्हा

क्रिकेटच्या चेंडूने माणूस मरतो का, असे घरातल्या बाईने विचारले की मुले हसतात. प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही. आपल्या वस्त्यांतली मुले आता फक्त रबरी किंवा टेनिस बॉलवर थांबत नाहीत. स्पर्धा आली, क्लबात नाव लागले की सीझन बॉल हातात येतो. तो साधारण 160 ग्रॅम वजनाचा, दगडासारखा कडक असतो. आजच्या पानावर दोन क्रिकेटपटूंच्या मृत्यूविषयी समजून घेऊ या. शिकण्यासारखे त्यांत बरेच आहे.

पहिला ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज. 25 नोव्हेंबर 2014 रोजी सिडनीच्या मैदानावर तो 63 धावांवर खेळत होता. शॉन अॅबटचा एक उसळता चेंडू त्याने फिरवून मारायचा प्रयत्न केला. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या बाजूला लागला. क्षणभर तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला आणि मग तोंडावर कोसळला. मैदानावरच त्याला कृत्रिम श्वास दिला गेला, रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. 27 नोव्हेंबरला तो गेला. तीन दिवसांनी तो 26 वर्षांचा झाला असता.

नेमके काय झाले होते? आपल्या मानेच्या मणक्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. त्यातली एक त्या फटक्याने फाटली आणि मेंदूभोवती रक्त साचले. असे फार क्वचित होते, हे त्या वेळी डॉक्टरांनीच सांगितले. डोक्याला हेल्मेट होते, पण मान उघडी होती.

दुसरा आपल्याकडचा रमण लांबा. भारतासाठी चार कसोटी खेळलेला हा फलंदाज 1998 च्या फेब्रुवारीत ढाक्याला क्लब सामना खेळत होता. फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा होता. हेल्मेट घ्यायला सांगितले, तर षटकाचे तीनच चेंडू उरलेत म्हणून त्याने घेतले नाही, असे सांगतात. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळून यष्टिरक्षकापर्यंत उडाला. लांबा मात्र उठला आणि चालत मैदानाबाहेर गेला. त्यानंतर त्याची तब्येत बिघडत गेली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी, 23 फेब्रुवारीला त्याचा मृत्यू झाला.

माझ्या मते आपल्यासाठी ही दुसरी घटना जास्त महत्त्वाची आहे. ह्यूज कोसळला, तेव्हा सगळे धावले. जो उठून चालायला लागतो, त्याच्याकडे कोण धावते? "काही नाही झाले, टेंगूळ आलंय," म्हणून पोरगा घरी येतो, जेवतो आणि झोपतो.

म्हणून डोक्याला किंवा मानेला जोराचा चेंडू लागला, की त्या मुलाचा त्या दिवसाचा खेळ संपला, असा नियम करावा. मग त्याने कितीही हट्ट केला, संघाला कितीही धावा हव्या असल्या तरी. मोठ्या क्रिकेटनेही हे उशिराच मान्य केले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची सोय आंतरराष्ट्रीय कसोटीत 2019 पासून आली. पुढचे एक-दोन दिवस त्याला एकटे ठेवू नये. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, सारखी गुंगी, बोलणे अडखळणे, एका हातापायात जोर नसणे, झटका येणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखे काही येणे, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्रीच न्यावे. आपल्या मनाने वेदनेची गोळी देऊ नये, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

आणि मुलगा कोसळलाच तर? आपल्याकडे लगेच घोळका जमतो. कुणी पाणी पाजतो, कुणी कांदा हुंगवतो, कुणी बगलेत धरून बसते करतो. हे सगळे थांबवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते फुप्फुसात जाते आणि मानेला इजा असेल तर उचलाउचलीने ती वाढते. एकाने 108 ला फोन लावावा, एकाने मैदानाच्या फाटकाशी उभे राहून गाडीला वाट दाखवावी. आपल्या वस्तीतल्या गल्ल्या चालकाला कशा सापडणार? श्वास चालू असेल तर डोके-मान सरळ धरून त्याला तसाच पडू द्यावे. उलटी झाली तर तिघा-चौघांनी मिळून, मान न वळवता, सगळे शरीर एकदम कुशीवर करावे. श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात आणि भरभर दाबत राहावे. दाब दोन इंच खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा हवा. चेंडू न लागताही कुणी असा कोसळला, तर हृदय थांबलेले असू शकते. तेव्हाही हेच करायचे.

ह्यूजच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. नोव्हेंबर 2016 मध्ये निष्कर्ष आले, की या मृत्यूला कुणीही दोषी नाही. ती इजा इतकी मोठी होती, की लवकर मदत मिळूनही तो वाचला नसता. पण चौकशी अधिकारी तिथेच थांबले नाहीत. अँब्युलन्सला फोन जायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, मैदानावरून मदत मागण्याची ठरलेली खूण नव्हती, हेही पुढे आले. मानेचे संरक्षण आणि तातडीची मदत यांविषयी त्यांनी शिफारशी केल्या. 2023 च्या ऑक्टोबरपासून ऑस्ट्रेलियाच्या वरच्या पातळीवरच्या क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी खेळताना मानेचे कवच सक्तीचे झाले. त्याला नेक गार्ड म्हणतात. ते हेल्मेटच्या मागे बसते. खालच्या क्लबांत मात्र सक्ती नव्हती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला नेटमध्ये सराव करताना 17 वर्षांचा एक मुलगा असाच मानेला चेंडू लागून गेला. हेल्मेट होते, नेक गार्ड नव्हते.

आपल्याकडे अशा वेळी "त्याची वेळ भरली होती" म्हणतात. आईबापाचे सांत्वन करायला म्हणतात, हे खरे. पण त्या वाक्याने पुढचे प्रश्न बंद होतात. कुणावर बोट न ठेवताही विचारता येते, की हेल्मेट का नव्हते, एका मैदानावर दोन सामने का चालले होते? मुंबईत जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू कानामागे लागून एका क्षेत्ररक्षकाचा जीव गेला. आपल्या मंडळांच्या स्पर्धांत ट्रॉफी आणि डीजेवर खर्च होतो. त्यातून नेक गार्डसह दोन-तीन चांगली हेल्मेटे मंडळाच्या नावाने घेता येतात. हेल्मेट नसेल त्या दिवशी टेनिस बॉलवर खेळावे. जोरदार मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी पुन्हा वापरू नये.

दुःखाविषयी थोडे. ह्यूज गेला तेव्हा जगभर लोकांनी घराच्या दारात बॅटी उभ्या करून ठेवल्या. भारताविरुद्धची पहिली कसोटी पुढे ढकलली. पण त्या दिवसांत एका 22 वर्षांच्या मुलाचीही सगळ्यांना काळजी होती. तो गोलंदाज अॅबट. त्याने नियमात बसणारा चेंडू टाकला होता. संघातल्यांनी, विरोधी खेळाडूंनी त्याला एकटे पडू दिले नाही. दोन आठवड्यांत तो त्याच मैदानावर पुन्हा खेळला.

वस्तीत असे काही घडले, तर ज्याच्या हातून चेंडू सुटला त्या पोराच्या घरीही जावे. त्याला "याच्यामुळे गेला" असे चिडवणाऱ्याला तिथेच थांबवावे. अपघाताचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवू नये, तो त्याच्या आईपर्यंत पोचतो. पाहणाऱ्या मुलांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, मैदानाकडे पाय वळत नाही. काही आठवडे असे होते. त्यांना बोलू द्यावे, रडू द्यावे, "मर्दासारखा राहा" म्हणू नये. महिना उलटूनही तसेच असेल, किंवा मुलगा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर मात्र त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.