अपग्रेडनंतर क्वेरी का रांगते?

डेटाबेसची नवी आवृत्ती टाकली की सगळं फास्ट होणार, असा आपला गोड समज असतो. प्रत्यक्षात कधीकधी उलटंच घडतं. काल दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट आज दहा मिनिटं घेतो. त्यातून फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असेल, तर ऑफिसबाहेर मुलांची रांग आणि आत लॅब-इनचार्जना घाम! अशा वेळी घाईत दोन उपाय सुचतात. ‘जुनी आवृत्ती परत टाका’ किंवा ‘चार इंडेक्स वाढवा’. पहिल्यात अपग्रेडनंतर झालेल्या नोंदी गमावण्याचा धोका असतो. दुसऱ्यात रोग तसाच राहतो आणि वर प्रत्येक नोंद टाकायला जास्त वेळ लागतो. म्हणून आधी निदान, मग औषध.

मुळात क्वेरी म्हणजे ‘काय हवं’ एवढंच सांगणं. ‘कसं आणायचं’ हे प्लॅनर ठरवतो. खर्चाचा अंदाज बांधून सर्वांत स्वस्त मार्ग निवडायची ही पद्धत आयबीएमच्या सिस्टीम आर प्रकल्पातून पुढे आली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा पेपर 1979 चा. आपल्या अभ्यासाच्या ‘डेटाबेस सिस्टीम कॉन्सेप्ट्स’मध्येही यावर सविस्तर विवेचन आहे. त्याचे एक लेखक एस. सुदर्शन हे पवईच्या आयआयटीतले, म्हणजे आपल्या शेजारचेच!

आता प्लॅनरचा अंदाज कसा चुकतो ते पाहू. समजा, उमरोळीहून बोईसरला माणसं न्यायची आहेत. ‘एकच जण आहे’ असं कळलं तर तुम्ही रिक्षा बोलवाल आणि ते बरोबरच. पण दारात 1,200 जण उभे राहिले आणि रिक्षा तीच राहिली, तर 1,200 फेऱ्या होतील. रिक्षा वाईट नाही, मोजणी चुकली.

हेच पोस्टग्रेसमध्ये घडतं. त्याच्या ‘पीजी-अपग्रेड’ या साधनाने आवृत्ती बदलली की डेटा नव्या घरी येतो; पण 17 व्या आवृत्तीपर्यंत प्लॅनरची आकडेवारी मागेच राहत असे. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 18 पासून बहुतेक आकडेवारी सोबत येते, विस्तारित आकडेवारी मात्र नाही. आकडेवारीच नसेल तर ‘अमुक बरोबर तमुक’ या अटीसाठी प्लॅनर ढोबळमानाने 200 पैकी 1 ओळ धरतो.

उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांच्या टेबलात 5,000 ओळी. अटी दोन: प्रकार ‘वसतिगृह’ आणि स्थिती ‘चालू’. 5,000 चे 200 भाग केले की 25, पुन्हा 200 भाग केले की एकापेक्षाही कमी. म्हणजे अंदाज 1 ओळ! प्रत्यक्षात आहेत 1,200. आता ही टेबल 40,000 ओळींच्या मेस-नोंदींना जोडायची आहे आणि तिथे इंडेक्स नाही. एकाच ओळीसाठी प्लॅनर नेस्टेड लूप निवडू शकतो: 1 गुणिले 40,000, काही बिघडत नाही. पण खरे 1,200 आले की तुलना होतात 4 कोटी 80 लाख. हॅश जॉइन घेतला असता तर दोन्ही टेबलं एकेकदा वाचून भागलं असतं.

तेव्हा तपासणीचा क्रम असा ठेवा:

1. तीच क्वेरी तीनदा चालवा. रीस्टार्टनंतर मेमरीतला कॅश रिकामा असतो, त्यामुळे पहिली वेळ जास्त येणारच.

2. नेमकी कोणती क्वेरी हळू आहे ते स्लो-क्वेरी लॉगमधून शोधा. ‘सगळंच स्लो आहे’ हे निदान नव्हे.

3. ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ लावा. अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी शेजारीशेजारी दिसतील. जिथे शेकडोपट फरक, तिथे दुखणं. सावधान: ही कमांड क्वेरी खरोखर चालवते. अपडेट किंवा डिलीट असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करा.

4. फरक मोठा असेल तर पूर्ण डेटाबेसवर ‘अ‍ॅनलाइझ’ चालवा आणि पुन्हा मोजा. ‘ऑटोव्हॅक्यूम रात्रीत करेल’ म्हणून थांबू नका. ज्या टेबलात पुरेसे बदल होत नाहीत तिकडे तो फिरकतच नाही.

5. अंदाज बरोबर, तरी क्वेरी हळू? मग सेटिंग्ज पाहा. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये शेअर्ड बफर्स सहसा 128 एमबी आणि वर्क-मेम 4 एमबी असतात. जुन्या फाइलमधले तुमचे आकडे आपोआप येत नाहीत.

6. शेवटी रिलीज नोट्स वाचा. पोस्टग्रेस 12 मध्ये (2019) ‘विथ’ क्वेरी मुख्य क्वेरीत मिसळू लागल्या आणि जिट सुरू स्थितीत येऊ लागलं. मायएसक्यूएल 8.0 ने (2018) क्वेरी कॅशच काढून टाकला. एसक्यूएल सर्व्हर 2014 मध्ये ओळींचा अंदाज बांधायची रीतच बदलली.

एका वेळी एकच बदल करा, मोजा, वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर क्वेरी सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम अपग्रेडच्या आधीचं. रोजच्या दहा महत्त्वाच्या क्वेऱ्यांचे प्लॅन आणि वेळा छापून फाइलला लावून ठेवा. ‘आधी कसं होतं’ हेच माहीत नसेल, तर ‘आता काय बिघडलं’ हे सांगणार कोण?