माशाच्या पोटातले कृमी आणि तुमच्या मुलीचं करिअर

बारावीनंतर मुलगी म्हणते, मला मत्स्यविज्ञान शिकायचंय, पुढे माशांच्या परजीवींवर काम करायचंय. आई-बाबांच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, आतड्यातले किडे! काळजी समजण्यासारखी आहे. पण नाही म्हणण्याआधी हे काम काय असतं, ते पाहा.

1952 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपान यांनी उत्तर प्रशांत महासागरातल्या मासेमारीचा करार केला. भर समुद्रात जपानी जाळ्यांत सापडणारे सॉकाय सामन अमेरिका खंडातल्या नद्यांचे की आशियातले, हा कळीचा प्रश्न होता. दिसायला सगळे सारखेच. कॅनडातल्या नानाइमोच्या संशोधन केंद्रातले लिओ मार्गोलिस यांनी त्या माशांचे परजीवी तपासले. अलास्कातल्या ब्रिस्टल बेकडच्या तळ्यांत वाढणाऱ्या पिल्लांच्या मांसात एका पट्टकृमीच्या अळ्या शिरतात. आशियाच्या बाजूच्या कामचाटकातल्या सामनांच्या आतड्यात वेगळाच गोलकृमी मिळतो. दोन्ही लागतात गोड्या पाण्यात, आणि मासा समुद्रात गेला तरी त्याच्याबरोबर राहतात. माशाजवळ जणू जन्मगावाचा दाखलाच!

खरी मेख इथून पुढे आहे. ब्रिस्टल बेच्या प्रत्येक माशात तो पट्टकृमी असतोच असं नाही. त्यामुळे एखाद्या माशात तो सापडला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. पुष्कळ मासे चिरावे लागतात, कल्ले, यकृत, आतडी वेगवेगळी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, कृमी ओळखून मोजावे लागतात. वयाचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण काही परजीवी वयाबरोबर साठत जातात. म्हणजे निम्मं काम डोळ्यांचं आणि निम्मं संख्याशास्त्राचं. जीवशास्त्र घेतलं म्हणून गणिताशी कट्टी करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. आता जनुकीय चाचण्याही जोडीला आल्या आहेत, त्याही शिकाव्या लागतील.

रस्ता सरळ आहे. चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला किंवा उदगीरला करता येतं. राज्यातले प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतात. प्राणिशास्त्रातली बी.एस्सी. हाही मार्ग आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञाची जागा मिळते ती स्पर्धा परीक्षेतून. जागा मोजक्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून केवळ परजीवींवर भिस्त ठेवू नका. मासळीचा साठा किती, तो किती पकडावा, माशांना रोग कोणते होतात, हे सगळं शिकलेल्या मुलीला मत्स्यविभाग, मत्स्यशेती, अध्यापन अशा वाटा खुल्या राहतात.

आवड खरी आहे का, हे घरीच पाहता येईल. पुढच्या वेळी बांगडे आणाल, तेव्हा साफ करायला तिला बसवा. कल्ले आणि आतडी बशीत पाण्यात पसरून भिंगातून बघू द्या. एखादा पांढरा, वेटोळं घातलेला कृमी दिसला तर घाबरू नका. नीट शिजवल्यावर तो मरतो. चौथ्या-पाचव्या बांगड्यालाही ती तितक्याच लक्षाने बघतेय आणि वहीत नोंद करतेय का, तेवढं पाहा. मग प्रवेशाचे अर्ज काढा.