पाचवे शील आणि डॉक्टरांची गोळी



पंचशील ग्रहण करताना पाचव्या शिलात आपण मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचा संकल्प करतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग गर्द सोडू पाहणारा मुलगा डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज जिभेखाली ठेवतो, किंवा ओझी वाहून कंबर गेलेले वडील अफूपासून बनलेले औषध घेतात, तेव्हा त्यांचे शील मोडले काय? पूर्णेसारख्या रेल्वेच्या व कष्टकऱ्यांच्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. "आता विहारात बसतोस ना, मग गोळी कशाला?" असे म्हणून घरचीच माणसे औषध बंद करायला लावतात. हे श्रद्धेपोटी होते, पण जिवावर बेतू शकते.

पाचव्या शिलात 'पमादट्ठान' हा पाली शब्द आहे. त्याचा अर्थ प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान. माणसाचे भान घालवणारे सेवन तेथे नाकारले आहे, उपचार नव्हे. भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भोजन व निवास यांच्याबरोबर औषधही येते. विनयपिटकात तर औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने त्रस्त होते आणि डॉक्टरांचे उपचार घेत होते. अंगारे-धुपारे आपण सोडले. आता ध्यानाचाच अंगारा करून चालणार नाही.

जिभेखालच्या त्या गोळीचे नाव ब्यूप्रेनॉर्फिन. गर्द मेंदूत ज्या जागी जाऊन बसतो, तीच जागा ती धरते. त्यामुळे अंग मोडणे, जुलाब, घाम, तगमग हे हाल थांबतात. पण नेमक्या मात्रेत घेतली तर गर्दासारखी धुंदी येत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, मुलाबाळांत बसू शकतो. हे औषध मध्येच तोडले की तलफ परतते, आणि तोवर शरीराची जुनी सवय गेलेली असते. पूर्वी पचणारी मात्रा आता घेतली तर श्वास बंद पडून माणूस दगावतो. औषध कमी करायचे की थांबवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

मग ध्यानाचे काम काय? देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची लागून तथागतांच्या पायाला जखम झाली, ही कथा आपण ऐकली आहे. संयुत्त निकाय सांगतो की त्या तीव्र वेदना भगवंतांनी सजग राहून, न तळमळता सहन केल्या. आणि अट्ठकथा सांगते की जीवक वैद्याने त्या जखमेवर औषध बांधले. सति होती, म्हणून भगवंतांनी जीवकाला परत पाठवले नाही.

भगवंतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा. दुसरा आपणच मारून घेतो: "हे कधी थांबणार? माझ्याच वाट्याला का?" पहिल्या बाणावर औषध, दुसऱ्यावर सति.

सत्यनारायण गोएंका यांची हकिकत येथे ध्यानात घ्यावी. ब्रह्मदेशात असताना त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता व त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शने द्यावी लागत. पुढे त्याचेच व्यसन लागेल, ही भीती होती. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असेच त्यांना प्रथम सांगण्यात आले. पुढे डोकेदुखीही गेली, पण गुरूंनी तसे वचन दिले नव्हते. आज इगतपुरीला शिबिरासाठी जाणाऱ्यांनी हे विसरू नये. चालू औषध अर्जात लिहावे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून दहा दिवसांच्या शिबिराला बसू नये.

अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट दुखण्यावर अफूजन्य गोळ्या घेणारे व त्यांचा गैरवापर करणारे २५० रुग्ण होते. सजगतेचे शिक्षण मिळालेल्यांपैकी ४५ टक्के लोकांचा गैरवापर नऊ महिन्यांनी थांबलेला होता. नुसत्या आधारगटात बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. म्हणजे उपयोग निश्चित आहे, पण अर्ध्याहून अधिक लोकांना तेवढ्यानेही भागले नाही.

घरी आरंभ दहा मिनिटांचा असावा. पाठ दुखत असेल तर भिंतीला टेकून किंवा आडवे होऊनही चालते. नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहावा. कळ आली की ती कोठे आहे, जळते की ओढते, वाढते की ओसरते, एवढेच जाणावे. तलफही तशीच पाहावी. ती चढते, थोडा वेळ टिकते आणि ओसरते. नाही ओसरली, तर घरच्यांना हाक मारावी. त्यात कमीपणा नाही. घरच्यांनीही मुलाला 'गर्दुल्ला' म्हणून हिणवू नये. गोळ्या मात्र कुलपात ठेवाव्यात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

उपचारासाठी परभणीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग येथे चौकशी करावी. व्यसनमुक्तीसाठी शासनाचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. सोबत घरातले एक माणूस जावे आणि आधी घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत.