जमीन, कागद आणि आमदार : दि. बा. पाटील यांच्याकडून घ्यावयाचा धडा



दरवेळी आम्ही लागण, खोडवा आणि खताच्या मात्रेवर लिहितो. आज ज्या जमिनीत ऊस उभा राहतो, तिच्याविषयी थोडे.

मागे आम्ही उरणजवळच्या करंजा गावी गेलो होतो. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, समोर खाडी, पलीकडे रेवस. तिथे ऊस नाही. तरी एका म्हाताऱ्या बाबांनी पहिलाच प्रश्न केला, "तुमच्याकडं जमीन गेली तर काय देतात?" त्या भागात हा प्रश्न घरोघरी का आहे, ते समजून घ्यायला हवे.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. या शेतकऱ्यांची बाजू दि. बा. पाटील यांनी धरली. जन्म १३ जानेवारी १९२६, उरण तालुक्यातील जासई, शेतकरी घराणे. वकील होऊन त्यांनी पनवेलला वकिली केली आणि शेतकरी कामगार पक्षातर्फे १९५७ साली विधानसभेत गेले. पाच वेळा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, १९७७ व १९८४ मध्ये कुलाब्याचे खासदार. पण लोकांनी 'दिबा' म्हणून लक्षात ठेवले ते पदांमुळे नव्हे. कायदा वाचणारा माणूस लोकांबरोबर रस्त्यावरही उतरला, म्हणून.

जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. हिशेब सोपा : एकरामागे, म्हणजे ४० गुंठ्यांमागे, ५ गुंठे. जमिनीचे पैसे एकदाच मिळतात. भूखंड मात्र पोराबाळांच्या कामी येतो, ही त्यामागची दृष्टी. दिबा २४ जून २०१३ रोजी वारले.

आता आपले पाहू. आमच्या एका सभासदाची रस्त्यात १० गुंठे जमीन गेली. नोटीस आली ती कपाटात पडून राहिली. मोजणीच्या दिवशी ते तोडणीच्या गडबडीत. परिणाम असा, की विहीर व पाइपलाइन पंचनाम्यात आलीच नाही. नंतर हेलपाटे घालून चपला झिजल्या.

म्हणून ध्यानात ठेवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस असतात; राष्ट्रीय महामार्ग असेल तर फक्त २१. सातबाऱ्यावर पीक, विहीर, झाडे यांची नोंद वेळेत करून घ्या. मोजणीला स्वतः हजर राहा. वाचल्याशिवाय सही करू नका.

दिबांसारखा आमदार प्रत्येक गावाला लाभत नाही. पण आपला कागद आपण वाचायला आमदार कशाला हवा? अडले तर नोटीस घेऊन गट कार्यालयात या. आपण मिळून वाचू.