किती जास्त? किती कमी?



आम्ही दिघोरीच्या लहान मुलांना विचारतो, "भावाजवळ ८ चिंचोके, बहिणीजवळ ५. भावाजवळ किती जास्त?" पुष्कळ मुलं म्हणतात, "१३!" 'जास्त' शब्द ऐकला की ती बेरीज करून टाकतात. त्यांच्यावर रागावू नका. वजाबाकी म्हणजे 'काढून घेणे', एवढेच त्यांना ठाऊक असते. इथे तर कुणी काहीच काढून घेतले नाही.

मग काय करावे? जमिनीवर चिंचोक्यांच्या दोन ओळी लावा. भावाची वर, बहिणीची खाली. एकाखाली एक, जोडीने. ५ जोड्या जमतात. वरचे ३ चिंचोके एकटे उरतात. तोच फरक. आता पाटीवर लिहा :

८ − ५ = ३

भावाजवळ ३ जास्त, म्हणजेच बहिणीजवळ ३ कमी. प्रश्न दोन, वजाबाकी एकच.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. हा हिशेब आपल्यालाही हवा. घरी धान ४० किलो भरले. व्यापाऱ्याच्या काट्यावर ३८ किलो निघाले. किती कमी? २ किलो. ज्याला हा फरक काढता येतो, त्याला जाब विचारता येतो.

प्रश्न : एका बांधीत १२ पोती धान झाले, दुसरीत ९. पहिलीत किती जास्त? घरी मुलांना चिंचोके मांडून सोडवायला सांगा.