रिपोर्ट कोरा, मग गोळ्या कशाला?

केळीच्या हंगामात ट्रकवर जाणारा एक पेशंट परवा दवाखान्यात आला. चार वर्षे एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेणारा. कागद पुढे करून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रिपोर्टात विषाणू निघालाच नाही. आता दोन महिने गोळ्या बंद ठेवल्या तर? दिल्लीच्या फेऱ्या आहेत, सोबत्यांपुढे डबी काढता येत नाही."

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, पण विचारतात थोडेच.

त्याच्या हातातील तपासणी 'व्हायरल लोड'ची होती. तीत रक्तातील पेशी बाजूला काढून वरच्या पिवळसर पाण्यात विषाणू मोजतात. गोळ्या नियमित असल्या की तो आकडा यंत्राला दिसणार नाही इतका खाली जातो. पण तपासले ते पाणी, पेशी नव्हेत! विषाणू आपला आराखडा सीडी-४ या पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये गुंफून ठेवतो. त्यातील काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. गोळ्या नव्या पेशींना लागण होऊ देत नाहीत, मात्र हा आराखडा त्यांना पुसता येत नाही.

रावेरकरांना हे वेगळे सांगायला नको. घड उतरवून केळीचे खोड कापले तरी जमिनीत कंद जिवंत असतो आणि पील फुटते.

संशोधक काही रुग्णांच्या संमतीने, कडक देखरेखीखाली औषध थांबवून पेशींतच मोजमाप करतात. डीएनएवरून आराखडा किती दडला आहे ते कळते, आरएनएवरून तो कितपत जागा झाला ते. (दडलेल्या आराखड्यांपैकी बहुतेक मोडके असतात, त्यामुळे नुसत्या डीएनएच्या आकड्यावर विसंबता येत नाही.) औषध थांबल्यावर बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. ही पेशींची तपासणी संशोधनापुरती आहे. आपल्या एआरटी केंद्रावर ती होत नाही.

औषधाला सुटी देऊन पाहण्याचा मोठा प्रयोगही झाला आहे. 'स्मार्ट' नावाच्या त्या अभ्यासात ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण होते. औषध मधूनमधून थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार वा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला व जानेवारी २००६ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

मी त्याला विचारले, "भाऊ, घरी वहिनी आहेत ना?" विषाणू रक्तात दिसत नाही तोवर त्यांना शरीरसंबंधातून लागण होत नाही. परत वाढला की ते संरक्षण गेले, आणि वाढल्याचे अंगावर काहीच दिसत नाही. शिवाय अर्धवट औषधाने विषाणू गोळ्यांना निर्ढावतो.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकार हे औषध मोफत देते. बाहेरगावी जायचे असल्यास केंद्रावर आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. खंड पडलाच असेल तर लपवू नये. तिथे जाऊन सांगावे, उपचार पुन्हा सुरू करता येतात.

राहिला डबीचा प्रश्न. रोजची एकच गोळी आहे. तो म्हणाला, "फेरीपुरत्या तंबाखूच्या डबीत ठेवतो, कुणी विचारणार नाही." मी म्हटले, ठेव, पण आधी त्यातली तंबाखू टाक.