दोरी ओढण्याआधी

कोल्हापूर, ५ डिसेंबर

चि. भाच्यास,


तुझं पत्र मिळालं. स्नोब्लोअरची दोरी वीस-पंचवीस वेळा ओढावी लागते, चालू झाल्यावरही चोक अर्धा ठेवावा लागतो आणि बर्फ लांब न जाता पुढ्यातच पडतो, असं तू लिहिलंस. हे मोडीत काढून नवं घेऊ का, असंही विचारलंस. इतक्यात नको. तुझ्या लिहिण्यातच निदान आहे. या मशीनला एक नव्हे, दोन दुखणी आहेत. एक इंजिनाचं, दुसरं बर्फ फेकण्याचं. दोन्हींची गल्लत करू नकोस.

पहिलं दुखणं माझ्या हातून झालं, हे सांगायलाच हवं. हे मशीन तुझ्यावर सोपवून अमेरिकेतलं बफेलो सोडण्याआधीचे दोन उन्हाळे मी टाकीत पेट्रोल तसंच राहू दिलं. तिकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. महिने गेले की पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेला चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. त्या जेटची भोकं अगदी बारीक. चोक ओढला की हवा कमी होते, म्हणून थोड्या पेट्रोलवरही इंजिन तग धरतं. तेव्हा चोकवरच चालणारं इंजिन पेट्रोल पुरत नसल्याचं सांगत असतं.

इथल्या उद्यमनगरात मी शिकाऊ असताना आमच्या मिस्त्रींनी एक शिस्त लावली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की इंजिन चालवून बघायचं. नवा प्लग, नवं पेट्रोल, नवा कार्ब्युरेटर एकदम घातलास, तर मशीन कदाचित सुरू होईल, पण बिघाड कुठे होता ते तुला कळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच अडशील.

तेव्हा क्रमाने जा. इंजिन थंड असताना, बाहेर उघड्यावर, जुनं पेट्रोल डब्यात काढ आणि ताजं भर. ऑइल ५डब्ल्यू-३० आहे ना ते बघ. जाड ऑइल थंडीत घट्ट होतं आणि दोरी जड जाते. मग चोक लावून सात-आठ वेळा दोरी ओढ आणि लगेच प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असून इंजिन पेटत नसेल तर संशय ठिणगीवर घे. प्लगची फट बहुतेक अशा इंजिनांत पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलचा कॉक बंद कर आणि कार्ब्युरेटरची वाटी उतरव. बऱ्याच जुन्या इंजिनांत वाटी धरून ठेवणाऱ्या बोल्टमध्येच जेटची भोकं असतात. क्लीनर मारून, तांब्याच्या तारेचा एकच धागा घालून ती मोकळी कर. सुई किंवा ड्रिल घालू नकोस, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही. इंजिन दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघ. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. एअर फिल्टर शोधत बसू नकोस. ओल्या बर्फाने तो गोठून बसेल, म्हणून या इंजिनांना सहसा तो नसतोच. एवढं करूनही थंड इंजिन हट्ट करत राहिलं, तर टॅपेट तपासून घे. फट आवळली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

दुसऱ्या दुखण्याला कान लागतो. पूर्ण थ्रॉटलवर बर्फात शिर आणि ऐक. इंजिनाचा आवाज बसत असेल तर दोष अजून इंजिनातच आहे. आवाज तसाच राहून बर्फ आत ओढणारा ऑगर मंदावत असेल तर पट्टा घसरतोय. तो गुळगुळीत झाला असेल तर बदल, केबल ढिली असेल तर ताण. ऑगरची एकच बाजू फिरत असेल तर शिअर पिन तुटली आहे. तिच्या जागी मऊ धातूची तीच पिन घाल. हाताला लागला तो कडक बोल्ट घातलास, तर पुढच्या वेळी पिनेऐवजी गिअरबॉक्स तुटेल. बर्फ बाहेर फेकणाऱ्या शूटच्या आतला गंज घासून मेण लाव, ओला बर्फ चिकटणार नाही. आणि नगरपालिकेचा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो दगडासारखा ढीग लोटून जातो, तो सावकाश, अर्ध्या रुंदीनेच घे. तिथे मशीन रडलं तर त्याला दोष देऊ नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचं. शूट तुंबलं तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरीही. अडकलेल्या पंख्यात ताण साठलेला असतो. बर्फ सुटला की तो झटक्याने फिरतो आणि बोटं घेऊन जातो. गॅरेजच्या खिळ्याला मी टांगलेली लाकडी काठी अजून तिथेच असेल, ती वापर. आणि मशीन गॅरेजमध्ये चालवू नकोस, दार उघडं असलं तरी. इंजिनाच्या धुराला वास येवो न येवो, तो जीव घेतो.

मी एवढं बजावतो त्याला कारण आहे. ईरी सरोवराचं पाणी अजून उबदार असताना त्यावरून थंड वारा आला की काय होतं, ते तू अजून पाहिलेलं नाहीस. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला. त्याच वर्षीच्या नाताळातल्या वादळात रुग्णवाहिकाही लोकांपर्यंत पोचू शकल्या नाहीत. अशा सकाळी मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू व्हावं लागतं. तुझ्या दारासाठी, आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारासाठीही.

ती सकाळ एप्रिलमध्ये कमवावी लागते. शेवटचा बर्फ गेला की कॉक बंद कर आणि इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू ठेव. टाकीही रिकामी कर. मी हे दोन वर्षं केलं नाही, त्याचं फळ तुझ्या खांद्याला भोगावं लागतंय.

या शनिवारी फक्त पेट्रोल बदल आणि प्लग काढून बघ. ओला होता की कोरडा, तेवढं मला कळव. पुढचं पत्र त्यावरून लिहीन.

तुझा,
मामा